वाइन म्हणजे दारूच

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये आणि मोठ्या दुकानांत वाइन विकायला मुभा देण्याचा निर्णय घेतला. त्या दिवसांत एक वाक्य टीव्हीवर, पेपरात, नाक्यावर सारखे ऐकू येत होते : वाइन म्हणजे दारू नव्हे. सत्तेतली मंडळी शेतकऱ्याचे नाव घेत होती, विरोधातली मंडळी संस्कृतीचे. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय बारगळला, वाक्य मात्र टिकले. ते आजही रोज म्हटले जाते अशी एक जागा आहे : नाशिकची वाइन टूर.

मी अशा एका टूरला जाऊन आले आहे. ऑफिसची सहल होती, फेब्रुवारीत. ठाण्याहून पहाटे मिनीबस, कसाऱ्याचा घाट, इगतपुरीला नाश्ता आणि दहाच्या आसपास गंगापूर धरणाच्या बाजूची एक वायनरी. तिचे नाव देत नाही, कारण माझे भांडण एका वायनरीशी नाही, या सहलीच्या साच्याशी आहे. दोन ठिकाणी गेलो, दोन्हीकडे साचा तोच.

साचा असा. कडेला गुलाबाची झाडे, मागे डोंगर, पुढे द्राक्षाच्या रांगा. गाइड रांगेच्या तोंडाशी उभा राहून दोन-चार जातींची नावे सांगतो : शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने. सगळे फोटो काढतात. मग आत. स्टीलच्या उंच टाक्या, त्यांच्यातले तापमान कसे खाली ठेवतात, लाल वाइनला रंग सालीतून येतो म्हणून रस सालीसकट आंबवतात, ओकच्या पिंपात ती किती महिने ठेवतात. हे सगळे ऐकण्यासारखे होते, गाइड हुशार पोरगा होता. मग मुख्य कार्यक्रम : पाच ग्लास, ग्लास देठाला धरायचा, गोल फिरवायचा, नाक घालायचे, घोट घ्यायचा. थुंकण्यासाठी भांडे ठेवले होते, त्यात कोणी थुंकले नाही. मग दुकान. मग जेवण, जेवणाबरोबर बाटली.

मी पीत नाही, त्यामुळे हातात ग्लास नव्हता आणि घड्याळाकडे बघायला वेळ होता. पहिल्या ठिकाणी आम्ही बागेत जेमतेम सात मिनिटे होतो. बाकीचे दोन तास काउंटरजवळ. बसच्या माहितीपत्रकावर मात्र शब्द होता 'कृषी पर्यटन'.

माझे आजोळ तासगाव तालुक्यातले. मामूंची तीन एकर द्राक्षबाग आहे, थॉमसनच्या कुळातलीच, आणि बेदाण्याची शेड. त्यामुळे द्राक्ष म्हणजे काय हे मला गाइडकडून ऐकायचे नव्हते, पण तो काय सांगत नाही हे कळत होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजे वेल वर्षातून दोनदा कापायचा. मग डाऊनी, भुरी, अवकाळी, गारपीट. रात्री दोनला पाऊस आला की पहाटे चारला फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर. वाइनच्या द्राक्षाला खाण्याच्या द्राक्षाइतकी विरळणी, डिपिंग लागत नाही, मणी टपोरे करायचे नसतात. पण छाटणी, रोग आणि आभाळ यांतून त्याचीही सुटका नाही. यातले अवाक्षर टूरमध्ये नव्हते. 'इथे शेतकऱ्याला भाव काय मिळतो?' असे मी विचारले. गाइड हसून म्हणाला, 'मॅडम, ते कंपनीच्या लोकांना विचारावं लागेल.' त्याचा दोष नाही. त्याला शिकवलेल्या पाठात तो धडा नव्हता.

शेतकऱ्याच्या नावाने जो गळा काढला जातो त्याबद्दल थोडे. महाराष्ट्रात द्राक्षाखाली एक लाख हेक्टरहून जास्त जमीन आहे. वाइनच्या जातींखाली आहे ती काही हजार एकर. निफाड-दिंडोरीतला किंवा तासगाव-मिरजेतला बहुतेक शेतकरी खाण्याची द्राक्षे पिकवतो आणि बाजार पडला म्हणून ती उचलून चांगल्या वाइनच्या टाकीत घालता येत नाहीत, जातच वेगळी. त्यामुळे आमच्या मामूंना वाइनच्या बाटलीमागे एक पैसा मिळत नाही. त्यांना तारतो तो बेदाणा. वाइनची द्राक्षे लावणारा शेतकरी करारावर लावतो. करार पाळला गेला तर सुख आहे, दर आधी ठरलेला, व्यापाऱ्याने चेक न देता पळून जायची भीती नाही. हे मान्य. पण २००८ नंतरच्या मंदीत काय झाले ते नाशिककर विसरलेले नाहीत. वायनऱ्यांकडे माल पडून राहिला, ठरलेली द्राक्षे उचलायला कोणी येईना, आणि पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या बागांना अनेकांनी कुऱ्हाड लावली. नारायणगावची इंडाज, एके काळची देशातली बडी वाइन कंपनी, त्याच सुमारास कर्जात बुडाली. २००१ च्या धोरणाने विंचूर आणि पलूसला वाइन पार्क दिले, करात सवलती दिल्या. सरकार वाइनवर २० टक्के व्हॅट घेते आणि प्रोत्साहन योजनेत त्यातले १६ टक्के वायनरीला परत करते. परत येणाऱ्या या पैशातला किती वाटा बांधापर्यंत पोहोचतो, हे कोणत्याही टेस्टिंगच्या टेबलावर सांगितले जात नाही.

आता त्या रांगांमध्ये वाकून काम करणाऱ्या बाया. आम्ही फोटो काढत होतो तेव्हा चौथ्या-पाचव्या रांगेत तोडणी चालू होती. डोक्याला ओढणी, हातात कात्री, पायाशी क्रेट. आमच्यातल्या एकाने त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितले, फ्रेममध्ये येत होत्या म्हणून. मी जाऊन बोलले. सुरगाण्याकडच्या होत्या. नाशिकच्या द्राक्षाचा हंगाम पेठ, सुरगाणा, हरसूलच्या आदिवासी मजुरांवर उभा आहे हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. टोळ्या येतात, उक्ते काम घेतात, शेताच्या कडेला पाल ठोकतात, हंगाम संपला की घाट उतरतात.

त्या बाईच्या गावात मोहाची झाडे आहेत. तिच्या घरात मोहाची दारू गाळली तर तो गुन्हा आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. उत्पादन शुल्क खात्याची गाडी येते, मडकी फुटतात, केस होते, जामिनाला मजुरीचे पैसे जातात. आणि त्याच खात्याच्या परवान्याने, त्याच कायद्याखाली, तिने तोडलेल्या घडांची दारू दुरून आलेल्या माणसांना काचेच्या देठदार ग्लासात देतात आणि तिला वारसा म्हणतात. मी मोहाच्या दारूची वकिली करत नाही. माझ्या लेखी दोन्ही दारूच. मला आक्षेप आहे तो दोन मापांना. एकाची दारू व्यसन, दुसऱ्याची दारू संस्कृती. एकाची झोपडीत, म्हणून छापा. दुसऱ्याची डोंगराकडे तोंड केलेल्या गच्चीवर, म्हणून सवलत. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. गरीब माणूस काय पितो याकडे सरकारचे लक्ष तेव्हा जाते, मढी मोजायला.

'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य या दोन मापांसाठीच लागते. ते खरे आहे का, हे तपासायला शरियत लागत नाही, चौथीचे गणित पुरते. वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल असतो. १५० मिलीच्या एका ग्लासात तो जवळपास तेवढाच जातो जेवढा ४५ मिली व्हिस्कीच्या पेगात. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायदा पकडतो तो रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडला तर. तिथे द्राक्षाच्या दारूला सूट नाही. आमचा ड्रायव्हर बाहेर बसमध्ये झोपला होता, म्हणून आम्ही सुखरूप आलो. पार्किंगमध्ये मुंबई-पुण्याच्या नंबरांच्या गाड्यांची रांग होती, आणि बहुतेकांना संध्याकाळी घाट उतरायचा होता. गाइडने वाइन कोणत्या चीजबरोबर प्यावी ते सांगितले, किती प्याल्यावर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी ते सांगितले नाही.

माझ्याकडे वळू. 'अगं, हा तर द्राक्षाचा रस, तुला चालेल.' हे मला दिवसभरात तीन जणांनी सांगितले. कोणी वाईट हेतूने नाही. पण साखरेचा अल्कोहोल होतो तेव्हाच तो रस राहत नाही, हे आताच टाक्यांपाशी ऐकून आलेली माणसे मला तो रस म्हणून देत होती. चौथ्याने जरा अभ्यास दाखवला : 'तुमच्या शायरीत तर पानापानावर साकी!' हो, आहे. गालिब प्यायचा आणि लपवायचाही नाही. पण उर्दूत मद्यावरच्या शायरीसाठी ज्याचे नाव पहिल्यांदा घेतात तो रियाज खैराबादी कधीच प्यायला नाही असे सांगतात. शेरातला प्याला आणि टेबलावरचा ग्लास यांत फरक असतो, हे त्या गृहस्थांना समजावण्याइतका वेळ नव्हता. (इंडाजने आपल्या फेसाळत्या वाइनला नावच 'उमर खय्याम' दिले होते. घन समीकरणे सोडवणारा, इराणचे पंचांग दुरुस्त करणारा माणूस, आणि आपल्याकडे उरला तो लेबलावर.)

आमच्या ऑफिसात एक माळकरी गृहस्थ आहेत, दरवर्षी वारीला जातात. ते आणि मी एका टेबलावर लिंबू सोडा घेऊन बसलो होतो. त्यांना कोणी 'का नाही घेत?' असे विचारले नाही. गळ्यातली माळ पुरेशी होती. मला मात्र कारण द्यावे लागत होते, आणि 'नको' हे कारण धरले जात नव्हते; त्यामागे सासर आहे, भीती आहे की कट्टरपणा, याचा शोध चालू होता. एका सुशिक्षित बाईने विचारून 'नको' म्हणणे इतके अवघड का वाटावे लोकांना? मला ग्लास देऊ करणारे स्वतःला उदार समजत होते. उदारपणा ग्लास देण्यात असेल तर तो परत घेण्यातही हवा, पुढचा प्रश्न न विचारता.

आता आपल्या माणसांकडे. २०२२ च्या त्या वादात आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर ती हदीस पुन्हा पुन्हा फिरत होती, दारूशी संबंधित दहा जणांवरच्या लानतीची : गाळणारा, पिणारा, वाहणारा, विकणारा, किंमत खाणारा. तिचा आधार घेऊन काहींनी द्राक्ष पिकवणाऱ्यालाही त्या यादीत बसवले. मामूंनी मला फोन करून विचारले, 'आपली बाग हराम झाली का गं?' साठी ओलांडलेला, बेदाणा विकून पोरांना शिकवलेला माणूस. त्या यादीत वेल लावणारा नाही. दारू करणाऱ्याला रस विकण्याबद्दलही हनफी फिकहमध्ये एकमत नाही. खुद्द इमाम अबू हनिफांनी तो विकायला हरकत घेतली नाही, त्यांच्या दोन शिष्यांनी ते नापसंत केले. ज्यांना हे वाचायचे नाही त्यांनी निदान शेतकऱ्याला फतवे पाठवू नयेत. आणि ज्यांना दारूची खरोखर चिंता आहे त्यांच्यापैकी किती जण मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेल्या देशीच्या दुकानावर बोलतात? रमजानभर शटरच्या खालून काय चालते ते सगळ्यांना दिसते. तिथे दुकानदाराशी ओळख आड येते.

कुराणाची भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा प्रांजळ आहे. द्राक्षातून नशा होते आणि उत्तम अन्नही मिळते, हे ते एका जागी सांगते. दारूत लोकांचा काही फायदा आहे, हे दुसऱ्या जागी मान्य करते आणि मग म्हणते की नुकसान फायद्याहून मोठे आहे. पूर्ण मनाई त्यानंतर, टप्प्याटप्प्याने आली. फायदा नाकारून किंवा नाव बदलून नाही.

मला बंदी नको आहे. वर्ध्या-गडचिरोलीत बंदी आहे आणि दारूही आहे. ज्याला प्यायची आहे त्याने नाशिकला जावे, प्यावे, बसने परत यावे. पण सरकारने दारूला दारू म्हणावे आणि व्हॅटचे परत दिलेले पैसे कोणाला, किती, हे वायनरीवार जाहीर करावे. 'कृषी पर्यटन' हे नाव लावायचे असेल तर पाहुण्यांना छाटणीच्या दिवशी बागेत न्यावे, दोन तास, उन्हात. कराराचा कागद दाखवावा, मजुरीचा दर सांगावा. सुरगाण्याच्या त्या बाईला फ्रेमच्या बाहेर काढू नये; तिला पैसे देऊन गाइड करावे. द्राक्षाबद्दल तिला त्या पोरापेक्षा जास्त माहीत आहे. मी विचारले तेव्हा तिने कुठल्या रांगेतली फळे कमी गोड आहेत ते न चाखता दाखवले होते, आणि का तेही सांगितले : तिकडे विहिरीचे पाणी जास्त जाते.