पहाटे तीनची पाळी

नागपंचमी आली की आमच्या घरात डबे भरायला सुरुवात होते. सौ. धारवाडकडची, त्यामुळे शेंगा उंडी, तिळाची उंडी, तंबिट हे सगळं आलंच. त्यातला एक मोठा डबा दरवर्षी वास्कोला ताईकडे जातो आणि त्याच्याबरोबर मीही. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिथं श्री दामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो. लोंढ्याला गाडी धरायची, डब्यातून दूधसागर बघायचा आणि वास्कोला उतरायचं. स्टेशनवरून ताईच्या घरी चालत दहा मिनिटं.

म्हणजे तशी ती होती. भावोजी बंदरातून निवृत्त झाले, भाड्याचं जुनं घर मालकानं पाडायला काढलं आणि ताईनं सांकवाळला फ्लॅट घेतला. २०२५ चा सप्ताह हा त्यांचा वास्कोबाहेरचा पहिलाच.

वास्कोहून कुठ्ठाळीकडं जाणाऱ्या रस्त्यावरची ही गावं आता ओळखू येत नाहीत. १९८३ साली जुवारीवर पूल झाला, त्याआधी कुठ्ठाळीहून आगशीला फेरीबोटीतून जावं लागे. नव्या पुलाची एक बाजू २०२२ च्या डिसेंबरात खुली झाली, दुसरी त्याच्या पुढच्या वर्षी. आता माणसं सकाळी डबा घेऊन पणजीला जातात, वेर्ण्याच्या कारखान्यांत जातात आणि रात्री झोपायला परततात. जिथं शेत होतं तिथं चार मजले उभे आहेत. मात्र शेजारच्या वाड्यावर अजून कोंबडा आरवतो आणि चौथ्या मजल्यावरचे लोक त्याबद्दल तक्रार करतात!

ताईच्या शेजारच्या अक्का मूळच्या बागलकोटकडच्या. मला बघताच "ऊटा आय्ता?" हे ठरलेलं. खताच्या कारखान्यामुळं वसलेल्या जुवारीनगरात (बसवाले अजून त्याला 'बिर्ला'च म्हणतात) त्यांची पंचवीस वर्षं गेली. त्यांची मुलगी दाबोळी विमानतळावर कामाला होती. २०२३ च्या जानेवारीत पेडण्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि तिची बदली तिकडं झाली. एका बाजूला साठेक किलोमीटर. पूर्वी पंचमीला ही मंडळी गावी जात, जोकाली बांधत. आता उंड्या इथंच होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे सप्ताहाच्या फेरीत खाजे आणि बांगड्या घ्यायला जातात.

या रस्त्यावरून जाताना मला नेहमी वाटतं, इथून बाहेर पडायची सुरुवात देवांनीच केली. कुठ्ठाळीचा मंगेश, सांकवाळचा नरसिंह, केळशीची शांतादुर्गा, तिघेही सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकानं अंत्रुज महालात गेले. प्रियोळ, वेलिंग आणि कवळे हे त्यांचे पत्ते झाले. भक्त मागोमाग पालखीला जात राहिले. खुद्द दामोदर मडगावचा, तो जांबावलीला गेला. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी वास्कोत साथ आली, तेव्हा तिथल्या लोकांनी जांबावलीहून दामोदराचा नारळ आणून अखंड भजन मांडलं आणि साथ ओसरली, असं सांगतात. तेव्हापासून हा सप्ताह. आता अखंड भजन चोवीस तासांचं, फेरी मात्र पुढं बरेच दिवस चालते. २०२० साली, मांगोर हिलवर कोरोना पसरला त्या वर्षी, फेरी भरली नाही. मंदिरातलं भजन मोजक्या माणसांत झालं.

हे चोवीस तास भजनी मंडळांच्या पाळ्यांवर चालतात. भावोजींच्या मंडळाकडं गेली कैक वर्षं पहाटे तीनची पाळी. सगळ्यात अवघड वेळ ती. पार येऊन गेलेले असतात, नाभिकांचा, दैवज्ञांचा, बाजारकरांचा. गर्दी पांगलेली असते आणि ऐकायला फक्त दामोदर. यंदा भावोजींचे गुडघे बोलायला लागले होते.

"पाळी दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून कळवलंय मी," ते जेवताना म्हणाले. "वास्को सोडलं, आता हे कशाला धरून ठेवायचं?"

भाचा काही बोलला नाही. तो पणजीत बँकेत आहे. ताटावरून उठताना तेवढं म्हणाला, "मी नाही कळवू दिलं, बाबा. आम्ही जातोय."

खरं तर मंडळात सातच जण उरले होते आणि पखवाजवाल्याला त्या रात्री वेर्ण्याला रात्रपाळी लागली. भाच्यानं अक्कांच्या मुलाला उठवलं. तो गावच्या बसवण्णाच्या देवळात भजनाला ढोलकी वाजवत मोठा झालेला. अडीच वाजता पावसात आम्ही तिघं दोन स्कूटरींवरून निघालो. माझ्या मांडीवर ढोलकी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

घरी कोकणी, शाळेत इंग्रजी आणि भजन मराठीत, हा गोव्याचा जुना रिवाज. पोरानं अभंग ऐकले होते, पाठ नव्हते. पण लय कुठली भाषा विचारत नाही. थोड्या वेळानं भाच्यानं त्यालाच एक पद म्हणायला सांगितलं. त्यानं पुरंदरदासांचं म्हटलं. शब्द फारसे कुणाला कळले नाहीत, पण पदाच्या शेवटी 'पुरंदर विठल' ही मुद्रा आली तेव्हा कोपऱ्यात पेंगणारे दोन म्हातारे सरळ होऊन टाळ वाजवू लागले. भाच्यानं सुरुवातीपासूनच फोन चालू करून पेटीशेजारी ठेवला होता, हे मला पाळी संपल्यावर कळलं.

आम्ही परतलो तेव्हा भावोजी गॅलरीत बसले होते, मोबाइल मांडीवर. अक्कांची मुलगी मोप्याची गाडी येण्याची वाट बघत खाली उभी होती. भाचा अंघोळ करून पणजीच्या बसला पळाला. नारळाचं विसर्जन त्याला मिळणार नव्हतं.

"तो ढोलकीवाला फार पळतो," भावोजी मला म्हणाले. "पुढच्या वर्षी त्याला आधी चार दिवस माझ्याकडं बसायला सांगा."