आगकाड्यांची मौज

'मौज' हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूत मौज म्हणजे लाट आणि मजाही. मराठीत लाट गेली, मजा तेवढी राहिली. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास एक छोटा चित्रपट काढला, त्याचे नावच 'आगकाड्यांची मौज'. काडी जराशी सरकवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची. अशी चित्रे भराभर दाखवली की काड्या आपोआप हलताना दिसतात.

फाळके मोठे खेळकर. जादूचे प्रयोग करताना ते 'प्रोफेसर केळफा' होत. हे नाव उलटे वाचून पाहा! पण सिनेमाच्या ध्यासात त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. पुढे १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना रोज थोडे थोडे टिपले आणि पडद्यावर ते पाहता पाहता वाढवून दाखवले.

माझे मत असे, की ही कला कर्णबधिर मुलांना आवर्जून शिकवावी. तिला आवाजाची गरज नाही. फाळक्यांचा जवळजवळ सगळा सिनेमा मुकाच होता, तरी लोकांना तो कळत होता.

दिवाळी आली की विशेष शाळांतील मुलांनी केलेल्या पणत्या आणि मेणबत्त्या विक्रीला येतात. काम चांगलेच आहे. पण आपण त्या वस्तू कौतुकाने कमी आणि दयेने जास्त घेतो, हे मला खटकते. पणती रंगवणारी बोटे कागदावर हरीणही पळवतील, हे कोणाच्या मनातच येत नाही.

इथे टेंभी नाक्याला माझ्या एका विद्यार्थ्याचा थोरला भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. त्याने जुन्या वहीच्या कोपऱ्यात पानोपानी पतंग काढला आहे. पाने अंगठ्याने भरभर सोडली, की पतंग चढतो, गोता खातो आणि कटतो. घरचे म्हणतात, आता याला दुकानात कामाला लावू. दुकान वाईट असे मी म्हणत नाही. आधी ती वही तरी कोणी नीट बघावी. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे लागतात. एकेक चित्र दोनदा टिपले, तरी मिनिटाला ७२० चित्रे काढावी लागतात. एवढा सब्र आपल्यापैकी किती जणांकडे आहे?

कोणी विचारेल, शिकवणार कोण? वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून ती कर्णबधिरांसाठी काम करते, त्यांचे शिक्षकही घडवते. अशा प्रत्येक प्रशिक्षणात चार दिवस या खेळासाठी ठेवावेत. मात्र शिकवणाऱ्याला स्वतःला त्यात मजा वाटली पाहिजे, नाहीतर तोही एक कंटाळवाणा तास होईल.

खर्चाची सबब तर सांगूच नये. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर घरातला मोबाइल आडवा ठेवावा आणि त्याखाली दहा आगकाड्या मांडाव्यात. त्या भावाला मी हेच सुचवले आहे. फक्त काड्यांचे गुल आधी मोडून टाकावेत.