दोन तबकड्या, एक ठेका

‘डीजे’ हा शब्द आपल्याकडे आला तो माणसाचे नाव म्हणून नव्हे, यंत्राचे नाव म्हणून. ‘यंदा डीजे आणलाय’ असे लांज्याच्या बाजारपेठेत कुणी म्हणाले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टेम्पोवर रचलेली खोक्यांची भिंत उभी राहते. तिच्यामागे गाणी निवडणारा, जुळवणारा कुणी माणूस असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. बँकेत असताना मंडप-स्पीकरवाल्यांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत. स्पीकर किती, अॅम्प्लिफायर किती वॅटचा, जनरेटर कुठला, सगळे कोटेशनात असे. हे चालवणाऱ्याला काय येते, असा रकाना फॉर्मातच नव्हता.

मूळ शब्दाचा अर्थ मात्र तबकड्या वाजवणारा माणूस असा आहे. आणि तबकड्या वाजवणे म्हणजे एक संपली की दुसरी लावणे एवढेच नव्हे. पहिले गाणे संपण्याआधीच दुसरे त्यात असे मिसळायचे, की नाचणाऱ्याचे पाऊल चुकता कामा नये. त्यासाठी दोन टर्नटेबल लागतात आणि मध्ये मिक्सर. पहिली तबकडी लोकांना ऐकू जाते, दुसरी फक्त वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये. खालची थाळी फिरत असते, तबकडी बोटाने धरून ठेवलेली असते. दोहोंमध्ये नमद्याची गुळगुळीत चकती असते, म्हणून हे जमते. पहिल्या गाण्याची सम आली की बोट सोडायचे.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. समजा, एका गाण्याचे मिनिटाला 120 ठोके आहेत आणि दुसऱ्याचे 121. फरक क्षुल्लक वाटतो. पण सुरुवातीला एकत्र पडलेले ठोके अर्ध्या मिनिटात अर्ध्या ठोक्याने सरकतात, म्हणजे एकाचा ठोका दुसऱ्याच्या बरोबर मधोमध पडू लागतो आणि घोडा लंगडावा तसे ऐकू येते. शिकणाऱ्याला ‘जुळत नाही’ हे लगेच कळते. आपले गाणे पुढे पळते आहे की मागे पडते आहे, हे कळायला मात्र कित्येक आठवडे जातात. पुढे असेल तर थाळीच्या कडेला हलकेच बोट लावायचे, मागे असेल तर तबकडीला किंचित ढकलायचे आणि मग वेगाची पट्टी केसभर सरकवायची. वेग बदलला की सूरही बदलतो, हा आणखी एक पेच. सुमारे 6 टक्के वेग वाढवला तर काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये जाते. पेटी वाजवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

ही विद्या फार जुनी नाही. 1969 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ नावाच्या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांचे ठोके असे जुळवीत असे. त्या काळच्या तबकड्यांवर हाडामासाचे ड्रमवादक वाजत असल्यामुळे लय एकसारखी राहत नसे आणि त्याला हात सतत थाळीवर ठेवावा लागे. पुढे 1972 मध्ये टेक्निक्स कंपनीचे एसएल-1200 आले. पट्ट्याऐवजी मोटरनेच थेट थाळी फिरवणारे हे यंत्र. 1979 च्या सुधारित आवृत्तीत वेग 8 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी होती. 2010 मध्ये उत्पादन बंद झाले आणि मागणी वाढली म्हणून 2016 मध्ये पुन्हा सुरू करावे लागले. आपल्या माळ्यावरच्या जुन्या पेटी-प्लेयरवर हे शिक्षण होणार नाही. त्याला 33, 45, 78 असे खटके आहेत, मधला वेग नाही.

तबकड्या मात्र त्या माळ्यावरच्या चालतील. चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेल्या हिंदी सिनेमांच्या तबकड्या नवशिक्यासाठी सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत चांगल्या शिक्षक आहेत. संपूर्ण वाद्यवृंद एकत्र बसून वाजवलेल्या त्या गाण्यांत लय श्वास घेते, अंतऱ्याला जरा चढते, मुखड्यावर विसावते. शिवाय सहा मात्रांचा दादरा आठ मात्रांच्या केरव्यावर बसवायला गेले तर वेग कितीही जुळवा, समा एकत्र टिकत नाहीत. सोपी सुरुवात हवी असेल तर यंत्राच्या ठेक्याची तबकडी घ्यावी. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये भैरव, भूपाळी, मालकंस असे दहा राग ड्रमयंत्राच्या डिस्को ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली होती. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या डीजेंनी कान टवकारले.

आमच्या वाडीतला एक मुलगा लॅपटॉपवर हे सगळे करतो. मी तबकड्यांचे बोललो तेव्हा म्हणाला, ‘‘काका, बटण दाबलं की दोन्ही गाणी आपोआप जुळतात. एवढी खटपट कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. कॅल्क्युलेटर आला तेव्हा बँकेतही हाच प्रश्न होता. माझे उत्तर असे, की बटण ठोके जुळवते, पण बटण ऐकत नाही. समोरची माणसे दमली आहेत, आता लय उतरवावी, हे त्याला कळत नाही. हेडफोन एका कानाला आणि दुसरा कान मांडवाकडे, अशी दोन ठिकाणी लक्ष ठेवण्याची सवय ज्याला लागली, त्यालाच ते कळते. आणि एक गोष्ट मी अनुमानाने नव्हे, खात्रीने सांगतो. ज्याची मिळकत कानावर अवलंबून आहे, तो कान जपतो. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांत आहे. ती पोलिसाच्या दंडुक्याने किती पाळली जाते ते आपण दर गणपतीत ऐकतो. ज्याच्याकडे कसब नाही त्याच्याकडे आवाजाखेरीज दुसरे असते तरी काय?

तबकड्या आणि टर्नटेबल महाग आहेत, हे खरे. पैसे नसतील तर लॅपटॉपचा पडदा टॉवेलने झाकावा, ते जुळवणीचे बटण बंद करावे आणि कानाने जुळवावे. एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन सुरुवात केली तर चूक चटकन पकडता येते. आणि गुरूसाठी मुंबईला जायची गरज नाही. जाखडीत बुवाने लय वाढवली की ढोलकीवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत ती कशी चढवतो, डबलबारीत पखवाजवाला बुवाची तान ऐकत ऐकत समेवर कसा येतो, हे या मुलांनी लहानपणापासून पाहिले आहे. त्यांतल्या एखाद्या पखवाजवाल्याला जवळ बसवावे, हेडफोन त्याच्या कानाला लावावा आणि विचारावे, ‘‘बुवा, माझं पुढे जातंय की मागे?’’