यंत्राची साक्ष आणि म्हाताऱ्यांची साक्ष : चांद्याचे जंगल, १८७८ ते आज

१/ सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क कायद्याच्या नियमांत एक दुरुस्ती झाली. तिचा आशय असा : उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे आणि इतर तंत्रज्ञान यांचा वनहक्काच्या दाव्यात पूरक पुरावा म्हणून उपयोग करता येईल, अन्य पुराव्यांची जागा मात्र त्यांना घेता येणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जी पुस्तके जगभर वाचली जातात, त्यांतील एका मोठ्या वादाचे उत्तर या एका नियमात आहे. #थ्रेड

२/ तरीही एआयच्या चर्चेत हा नियम क्वचितच ऐकू येतो. चर्चा सुरू होते ती ‘इतिहासात असे प्रथमच घडत आहे’ या घोषणेने. युवाल नोआ हरारी यांचे ‘नेक्सस’ (२०२४) हे या मताचे लोकप्रिय रूप. मुद्रणयंत्र स्वतः निर्णय घेत नव्हते, अणुबाँबही घेत नव्हता. एआय घेते, म्हणून ते साधन नसून कर्ता आहे, असा हा युक्तिवाद.

३/ निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीतून पाहिले तर हा भेद मोठा दिसतो. ज्याच्यावर निर्णय लादला जातो त्याच्या अंगणातून तो फारच लहान दिसतो. चांद्याच्या जंगलातील माणसाचा निर्णय गेली दीडशे वर्षे दूरच्या कचेरीत, त्याला न येणाऱ्या भाषेत, त्याने न पाहिलेल्या कागदावर होत आला आहे. ‘प्रथमच’ हा शब्द वापरण्यापूर्वी तो इतिहास तपासावा लागेल.

४/ १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्या चांद्यातलेच. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनतज्ज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. पाठोपाठ १८६५ चा आणि १८७८ चा वन कायदा आला.

५/ ब्रँडिस ज्या जर्मन वनशास्त्राच्या परंपरेतून आला, तिच्यापासूनच जेम्स स्कॉट यांचे ‘सीइंग लाइक अ स्टेट’ (१९९८) सुरू होते. जंगल म्हणजे अमुक घनफूट इमारती लाकूड, एवढाच हिशेब कागदावर उरला. चारा, कंद, औषधी, सरपण, देवस्थान यांना त्या तक्त्यात रकानाच नव्हता. ज्याला रकाना नाही ते पुढे कायद्यालाही दिसेनासे झाले.

६/ १८७८ च्या कायद्याची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. राखीव वन करण्याची घोषणा व्हायची. किमान तीन महिन्यांची मुदत असायची. त्या मुदतीत अधिकाऱ्यापुढे दावा मांडायचा. जो हक्क मांडला गेला नाही आणि चौकशीतही आढळला नाही, तो संपुष्टात यायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर नोंदीत नव्हता, म्हणून तो ‘नव्हताच’ असे ठरले.

७/ आजच्या गडचिरोलीचा मोठा भाग तेव्हा जमीनदाऱ्यांत होता. १९५०-५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या आणि ती जंगले सरकारकडे आली. सरपण, चराई, बांबू यांचे निस्तार हक्क कागदावर राहिले. बांबूवर मात्र कागद कारखान्यांचे हक्क भारी ठरले. बल्लारपूरचा कारखाना दशकानुदशके याच जंगलांतील बांबूवर चालला.

८/ बांबू गवत आहे की झाड? वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते. १९२७ च्या वन कायद्याने त्याला ‘वृक्षा’च्या व्याख्येत बसवले. या एका शिक्क्याने बांबूवरचा ताबा ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले, आणि १९२७ च्या व्याख्येतून तो वगळला गेला तो थेट २०१७ मध्ये. एक चुकीचा शिक्का पुसायला नव्वद वर्षे लागली.

९/ आता ‘इमेजनेट’कडे पाहू. २००९ मध्ये मांडला गेलेला हा चित्रसंग्रह. सुमारे १.४ कोटी चित्रे, आणि प्रत्येकावर अल्प मोबदल्यात काम करणाऱ्या माणसांनी लावलेला शिक्का. यंत्रे ‘पाहायला’ शिकली ती अशा संग्रहांवर. केट क्रॉफर्ड यांनी ‘अ‍ॅटलस ऑफ एआय’ (२०२१) मध्ये दाखवले आहे, की असे वर्गीकरण ही सत्तेची कृती असते. ज्याने बांबूचा इतिहास वाचला आहे त्याला हे मुळीच नवे वाटणार नाही.

१०/ व्हर्जिनिया युबँक्स यांचे ‘ऑटोमेटिंग इनइक्वॅलिटी’ (२०१८) अमेरिकेतील इंडियाना राज्याची हकीकत सांगते. तेथे गरिबांच्या मदतीचे अर्ज तपासण्याचे काम स्वयंचलित केले गेले आणि तीन वर्षांत दहा लाख नकार निघाले. कागद हरवला, फोन चुकला, तरी शेरा एकच : अर्जदाराने सहकार्य केले नाही. १८७८ च्या मुदतीत न पोहोचलेल्या माणसाचाही दोष असाच त्याच्या माथी मारला गेला होता.

११/ हा अन्याय दुरुस्त करण्याचा प्रयत्न म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या प्रस्तावनेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हा उल्लेख आहेच. नियमांतील पुराव्यांची यादी त्याहून महत्त्वाची. सरकारी कागदांबरोबर त्या यादीत गावातील वडीलधाऱ्यांचे जबाब आहेत, बांध-बंधारे आहेत, स्मशाने आणि देवस्थाने आहेत. म्हाताऱ्या माणसाची स्मृती कायद्याने पुरावा मानली.

१२/ तरी यंत्राचा मोह सुटला नाही. गुजरातेत अनेक दावे उपग्रह-छायाचित्रांवर विसंबून नाकारले गेले. २०१३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाला इतर पुरावेही विचारात घेण्यास बजावावे लागले. आणि नकाराची किंमत काय असते? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मधले पंधरा दिवस लाखो कुटुंबांनी कसे काढले असतील?

१३/ आता वर्तमान. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान, १९९५ पासून अंधारीसह व्याघ्रप्रकल्प. वाघ वाढले, आणि संघर्षही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. हे दुःख कोणत्याही सिद्धांताने लहान करता येणार नाही, करूही नये.

१४/ याच संकटावर उपाय म्हणून बफर क्षेत्रातील सीतारामपेठेत २०२३ च्या सुमारास ‘आभासी भिंत’ उभी राहिली. गावाच्या कडेला कॅमेरे. चित्रात वाघ किंवा बिबट्या आहे हे एआय ओळखते आणि इशारा पाठवते. हे काम चांगले आहे. गावाला आधी कळले तर माणूसही वाचतो आणि वाघही. या उपयोगाला विरोध करणे म्हणजे शहरात बसून जंगलातल्यांना धैर्य शिकवणे होय.

१५/ परंतु कॅमेरा वाघापुरताच पाहत नाही. त्रिशांत सिमलाई आणि ख्रिस सँडब्रुक यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेले कॉर्बेटमधील संशोधन सांगते : वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात टिपलेले, शौचास गेलेल्या स्त्रीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरवले गेले. पाहिले जाण्याच्या भीतीने स्त्रिया जंगलात गाणे आणि मोठ्याने बोलणे टाळू लागल्या. श्वापद अचानक समोर येऊ नये म्हणून त्या गात असत. ज्या यंत्राने सुरक्षितता आणायची, त्यानेच धोका वाढवला.

१६/ ‘कॉर्बेट म्हणजे ताडोबा नव्हे’ असे कोणी म्हणेल. मान्य. ताडोबात तसेच घडले असा आरोप येथे नाही. पण मोहफुले वेचणाऱ्या आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या स्त्रिया इकडेही त्याच पाऊलवाटांनी जातात, आणि कॅमेऱ्याला वाघाची वाट व बाईची वाट वेगळी करता येत नाही. टिपलेल्या माणसाच्या चित्राचे काय करायचे, हे कोणी ठरवायचे?

१७/ ‘वाघ दारात असताना हक्कांच्या गोष्टी कसल्या?’ हा दुसरा आक्षेप. याचे उत्तर सरळ आहे. इशारा देण्यासाठी चित्र काही क्षण पुरते. ते वर्षानुवर्षे साठवण्याची गरज नसते. साठवले की ते नोंद होते, आणि नोंद उद्या दाव्यात पुरावा होते : अमुक पट्ट्यात माणसांचा वावर दिसत नाही, सबब हक्क नाही. १८७८ मध्ये हेच झाले होते, फक्त रकाने हाताने भरले जात.

१८/ आणि साक्ष द्यायची ती कोणत्या भाषेत? २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांवर होती, तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. २०२५ मध्ये केंद्र सरकारने आदिवासी भाषांसाठी ‘आदि वाणी’ हे एआय भाषांतर-साधन आणले. त्याच्या पहिल्या भाषांत गोंडी आहे. स्वागतार्ह. मात्र गडचिरोलीतील माडिया म्हाताऱ्याचा जबाब यंत्राने बरोबर समजून घेतला की नाही, हे तपासण्याचा अधिकार त्याच्या गावाकडेच हवा.

१९/ हे स्वप्नरंजन नव्हे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने अभ्यासगट चालवले, निर्णय सर्वसहमतीने घेतले. वनखात्याची परवाना-पुस्तिका जे गाव सांभाळते, ते कॅमेऱ्याची नोंदही सांभाळेल.

२०/ म्हणून मागणी मोजकी आहे. कॅमेरा कोठे लागेल याला ग्रामसभेची संमती असावी. माणसांची चित्रे किती दिवसांत पुसली जातील हे ठरावात लिहिलेले असावे. आणि त्या यंत्राची कोणतीही नोंद वनहक्काच्या दाव्यात वडीलधाऱ्यांच्या जबाबावर मात करणार नाही, हे २०१२ च्या नियमाचे सूत्र एआयला शब्दशः लागू व्हावे. नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

२१/ गडचिरोलीचे सुमारे ७० टक्के क्षेत्र जंगल आहे आणि हजारांहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. एआयचा सामाजिक परिणाम अभ्यासण्यासाठी कॅलिफोर्नियाकडे डोळे लावून बसलेल्या इतिहासप्रेमींनी एकदा या गावांची दावा-प्रकरणे उघडून पाहावीत. कोणाचा शब्द पुरावा मानायचा, हा वाद तेथे पानोपानी लढलेला आहे. पुढच्या तेंदू हंगामापूर्वी तो कॅमेऱ्यांच्या बाबतीतही लढावा लागेल.