संसाराचा खराखुरा गाडा

संसाराला आपल्याकडे गाडा म्हणतात. नवरा-बायको हीं त्याचीं दोन चाकें, हें तर लग्नांतल्या प्रत्येक भाषणांत ऐकूं येतें. जर्मन लोकांनीं ही उपमा अक्षरशः खरी करून दाखविली आहे. चूल, अंथरूण, पाण्याची टाकी, मोरी आणि शौचकूप एवढें सर्व एका मोटारींत बसवून दोघांनीं आठ-पंधरा दिवस देशभर हिंडावयाचें, हा त्या देशांतील एक रूढ परिपाठ आहे. अशा गाडीस ते ‘वोनमोबिल’, म्हणजे राहतें वाहन, म्हणतात.

हा विषय या सदरांत घेण्याचें कारण असें कीं, तो आतां परका राहिलेला नाहीं. आपल्या घरांतील मुलें-सुना नोकरीनिमित्त स्टुटगार्ट, म्युनिक अशा शहरीं राहूं लागलीं आहेत, आणि उन्हाळ्याच्या रजेंत अशी गाडी भाड्यानें घेऊन दोघेंच निघणार असल्याचें फोनवर कळवितात. मग इकडे माजघरांत चर्चा सुरू होते. ‘चांगलें घर असतांना गाडींत कां राहावयाचें?’ ‘स्नान कोठें करणार?’ ‘आणि दोघेंच? बरोबर कोणीच नाहीं?’ यांपैकीं शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, व त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ही गाडी आहे तरी कशी, हें पाहणें इष्ट होईल.

तिचा उगमच मुळीं दांपत्याच्या सहवासाच्या इच्छेंतून झाला. जर्मनीच्या दक्षिणेस आल्गॉय प्रांतांत इस्नी नांवाचें लहान गांव आहे. तेथील आरिस्ट डेथलेफ्स हे चाबूक व बर्फावरून घसरतांना हातांत धरावयाच्या काठ्या तयार करणारे कारखानदार. मालाच्या विक्रीसाठीं त्यांस वरचेवर फिरतीवर राहावें लागे. त्यांच्या वाग्दत्त वधू फ्रीडल एडेलमान या चित्रकार होत्या. भटक्या लोकांच्या गाड्यासारखें कांहीं असेल तर दोघांना बरोबर जातां येईल व आपणांस चित्रेंहि काढतां येतील, अशी कल्पना त्यांनीं सुचविली. त्यावरून डेथलेफ्स यांनीं १९३१ सालीं मोटारीच्या मागें जोडावयाची एक चाकांवरची खोली बांधली. पुढें १९५० पासून फोक्सवागेन कारखान्याची चौकोनी प्रवासी गाडी निघूं लागली, आणि १९५१ सालीं वेस्टफालिया कारखान्यानें तींत बसवितां व काढतां येईल असें बिछान्याचें व कपाटाचें सामान तयार केलें. आठवडाभर माल वाहणारी गाडी रविवारीं घर होऊं लागली. आजच्या सर्व सुखसोयींच्या गाड्या याच वंशांतल्या होत.

दोघांसाठीं जी गाडी बहुधा भाड्यानें घेतात ती सुमारें सहा मीटर लांब व दोन मीटरांहून किंचित् अधिक रुंद असते. मागच्या बाजूस आडवा पलंग, मध्यें एका हाताला दोन शेगड्यांची ओटी व दुसऱ्या हाताला स्नान-शौचाची कोठडी, पुढें लहानसें मेज. चालकाची व शेजारची खुर्ची उलटी फिरविली कीं ती मेजाला लागते. टाकींत सुमारें शंभर लिटर पाणी मावतें, आणि तें तापविण्याच्या बंबांत साधारण दहा लिटर. म्हणजे आंघोळ ही दोन-चार तांब्यांतच उरकावी लागते. एक उभा राहून भाजी चिरीत असेल तर दुसऱ्यास पलीकडे जाण्यास वाट नसते. त्यानें बसून राहावें किंवा खालीं उतरून फिरून यावें.

वजनाचा हिशेबहि काटेकोर असतो. सामान्य मोटारीच्या परवान्यावर तेथें साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवितां येते, आणि या साडेतीन टनांत माणसें, पाणी, गॅसची टाकी व सामान हीं सर्व आलीं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यावर आपल्या सूनबाई लोणच्याच्या बरण्या, कुकर, पोळपाट-लाटणें आणि दहा किलो तांदूळ घेऊन निघाल्या, तर कांटा कोठें जातो हें आधींच पाहावें. तथापि शाकाहारी कुटुंबास या गाडीसारखी सोय नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. लहान गांवच्या खाणावळींत मांस नसलेला पदार्थ शोधीत बसण्यापेक्षां आपला वरणभात आपण शिजविणें केव्हांहि बरें. फोडणी मात्र दार उघडें ठेवून करावी, नाहीं तर हिंगाचा वास आठ दिवस अंथरुणांतून जात नाहीं.

कोठें राहावयाचें, याविषयीं आपल्याकडे एक गैरसमज आहे. गाडी आपली, मग कोठेंहि थांबावें, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. जेथें वाहन उभें करण्यास मनाई नाहीं तेथें, चालकाचा शीण जाऊन तो पुन्हां गाडी चालविण्यास समर्थ व्हावा एवढ्यापुरती एक रात्र झोंपण्यास हरकत घेत नाहींत. पण खुर्च्या बाहेर काढल्या, कनात ताणली, मेज मांडलें, कीं तो तळ ठोकणें झालें व तें निषिद्ध ठरलें. म्हणून गांवोगांवीं नगरपालिकांनीं व शेतकऱ्यांनीं ‘श्टेलप्लाट्झ’, म्हणजे अशा गाड्यांचे थांबे, राखले आहेत. तेथें थोडक्या पैशांत जागा, पुष्कळ ठिकाणीं वीज व पाणी, आणि सांडपाणी टाकण्याची सोय मिळते. अधिक दिवस राहावयाचें तर स्नानगृहें असलेले मोठे तळ आहेत. त्यांवर रात्रीं दहानंतर शांतता पाळावी लागते व पुष्कळ ठिकाणीं दुपारीं एक ते तीन गाडी आंत-बाहेर करूं देत नाहींत. आपल्याकडील वामकुक्षीला तेथें असा नियमाचा पहारा आहे.

रविवारीं दुकानें बंद असतात. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून रक्षिला जावा, हें १९१९ सालच्या वायमार राज्यघटनेंत लिहिलें होतें व तें कलम आजच्या घटनेंतहि कायम ठेविलें आहे. तेव्हां दूध-भाजी शनिवारींच भरावी. बर्लिन, म्युनिक अशा शहरांच्या मध्यभागीं जावयाचें तर धूर कमी सोडणाऱ्या वाहनाची हिरवी चिठ्ठी कांचेवर असावी लागते. पाण्याच्या टाकाऊ बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात व बाटली परत केली कीं पैसे परत मिळतात. तेथें कायमच्या राहणाऱ्या मुलांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भारतीय परवाना तेथें वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढें जर्मन परीक्षा द्यावी लागते. पाहुण्यांनीं आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा आणि गाडी भाड्यानें देणाऱ्याच्या अटी आधींच वाचाव्या.

प्रथमच निघणाऱ्या दांपत्यास आम्ही व्युर्त्सबुर्गपासून फ्युसेनपर्यंतचा सुमारें ४६० किलोमीटरांचा मार्ग सुचवूं. १९५० सालीं त्याला ‘रोमँटिक मार्ग’ असें नांव देण्यांत आलें. रोथेनबुर्ग हें तटबंदीचें गांव दिवसा प्रवाशांनीं गजबजतें. संध्याकाळीं मोठ्या बसगाड्या निघून गेल्या म्हणजे तें शांत होतें, आणि जवळच्या थांब्यावर मुक्काम असणाऱ्यांना खरें रोथेनबुर्ग त्या वेळीं पाहावयास मिळतें. पुढें नोर्डलिंगेन लागतें. सुमारें दीड कोटी वर्षांपूर्वीं आकाशांतून कोसळलेल्या अशनीनें पडलेल्या विशाल खळग्यांत हें गांव वसलें आहे, आणि चंद्रावर जाणाऱ्या अमेरिकन वीरांना १९७० सालीं खडकांची ओळख करून देण्यासाठीं येथें आणलें होतें. त्याच्या तटावरून सबंध गांवाला प्रदक्षिणा घालतां येते. ऑग्सबुर्ग येथें याकोब फुगर या धनाढ्य सावकारानें १५२१ सालीं गरजूंसाठीं बांधविलेली वसाहत आहे. तेथील वर्षाचें मूळ भाडें आजहि ८८ सेंट, आणि त्याबरोबर दिवसांतून तीनदां प्रार्थना करण्याची अट.

संस्कृत शिकलेल्या मंडळींस या मार्गापासून बरेंच उत्तरेस असलेलें गॉटिंगेनहि आम्ही सुचवूं. फ्रान्झ कीलहॉर्न हे १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृताचे प्राध्यापक होते. येथील शास्त्रीमंडळींजवळ बसून त्यांनीं व्याकरणाचा अभ्यास केला, पतंजलीच्या महाभाष्याची संशोधित आवृत्ति सिद्ध केली, आणि पुढें गॉटिंगेनच्या विद्यापीठांत १९०८ सालीं मृत्यु येईपर्यंत अध्यापन केलें. पुण्याच्या विद्येचा एक धागा असा त्या गांवीं पोंचला आहे.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. या गाडींत गडी नाहीं, मोलकरीण नाहीं, सासूबाई नाहींत, जाऊबाई नाहींत. कामें मात्र सर्व आहेत. पाणी भरणें, सांडपाणी सोडणें, विजेची तार जोडणें, स्वयंपाक, भांडीं, केर. आणि या सर्वांत शेवटीं एक काम असें आहे कीं, ज्याचा उच्चार आपल्या घरांत पानावर बसलें असतां कोणी करणार नाहीं. शौचकुपाखालीं सुमारें वीस लिटरांची एक बंद पेटी असते. ती दोन-तीन दिवसांनीं भरते. गाडीच्या बाहेरून दार उघडून ती ओढून काढावी, थांब्यावरील ठराविक जागीं नेऊन रिकामी करावी, धुवावी, त्यांत औषध घालावें व परत बसवावी. रानांत किंवा गटारांत ती ओतणें हा गुन्हा आहे. सकाळच्या वेळीं अशा ठिकाणीं निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, सुतार, प्राध्यापक हातांत पेटी घेऊन रांगेंत उभे राहतात, व एकमेकांस सुप्रभात म्हणतात. त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं जुन्या वाड्यांतील टोपलीचे संडास होते. तीं टोपली कोण उचलीत असे, तो मनुष्य कोणत्या दारानें येत असे आणि त्याच्या सांवलीविषयीं आपल्या घरांत काय बोललें जाई, हें आपल्या पिढीस ठाऊक आहे. शतकानुशतकें आपण आपला मैला दुसऱ्याच्या डोक्यावर दिला आणि त्यालाच अपवित्र ठरविलें. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धन यांनीं सफाईचें हें काम स्वतःस मिळावें म्हणून उपोषण केलें, आणि महात्मा गांधींनींहि येरवड्याच्या तुरुंगांत त्यांच्या पाठीमागें उपवास आरंभिला. मनुष्याकडून हातानें मैला उचलविण्यास आपल्या देशांत १९९३ व पुन्हां २०१३ सालच्या कायद्यानें बंदी झाली, तरी गटारांत उतरून माणसें मरत आहेत. अशा घरांतील मुलगा परदेशीं आपली पेटी आपल्या हातानें नेऊन धुतो, यांत नाक मुरडण्यासारखें कांहींच नाहीं. शुचितेचा हा धडा त्यास घरीं मिळावयास पाहिजे होता. तो गाडींत मिळाला तरी आम्हांस समाधान आहे. ही पेटी नेण्याचें काम सूनबाईंवरच कायमचें पडूं नये, एवढें मात्र चिरंजीवांस बजावावें.

आतां ‘दोघेंच?’ या प्रश्नाकडे वळूं. एकत्र कुटुंबाचे आम्ही अभिमानी आहोंत. आजारांत, बाळंतपणांत, नोकरी गेली असतां त्याच्यासारखा आधार नाहीं. परंतु त्यांत एक उणीव आहे, आणि ती मान्य करावयास संकोच नसावा. आपल्याकडे नवरा-बायकोचें भांडण फार वेळां सुटत नाहीं. तें घरांत विरून जातें. ती माजघरांत निघून जाते, तो ओटीवर. मध्यें चार माणसें, दोन मुलें व एक सण येतो, आणि प्रश्न तसाच राहतो. चाळीस वर्षें संसार केलेलीं अशीं कितीतरी दांपत्यें असतील, कीं जीं एका मेजाशीं समोरासमोर बसून, तिसरें कोणी नसतांना, सलग आठ दिवस जेवलीं नाहींत. आधीं पुरुषांची पंगत, मग बायकांची, अशींच त्यांचीं वर्षें गेलीं.

सहा मीटरांच्या गाडींत माजघर नाहीं व ओटी नाहीं. वळण चुकलें, गाडी मागें घेतांना खुणा चुकल्या, पावसांत कनात भिजली, कीं आवाज चढतात. परंतु उतरून कोठें जाणार? रात्रीं तेथेंच झोंपावयाचें असतें. म्हणून बोलावें लागतें, ऐकावें लागतें, आणि चूक कोणाची यापेक्षां आतां गाडी कशी काढावयाची, हें ठरवावें लागतें. सप्तपदींतील सातवें पाऊल सख्याचें आहे, हें आम्ही लग्नांत सर्वांस सांगत आलों. त्या सख्यास जागा व वेळ द्यावा, हें मात्र घरांतील वडीलधाऱ्यांनीं फारसें मनावर घेतलें नाहीं.

म्हणून वडील मंडळींस आमची विनंती आहे. मुलगा-सून अशा प्रवासास निघाली तर आनंदानें निरोप द्यावा, मुक्कामाचें ठिकाण विचारून ठेवावें, आणि दिवसांतून तीन वेळां फोन करूं नये. ज्यांची प्रकृति ठीक आहे व जीं मुलाकडे जर्मनीस जाणार आहेत, त्या वडील दांपत्यांनींहि एखादी अशी गाडी आंतून पाहावी, आणि मुलगा-सून चालवीत असल्यास चार दिवस शेजारच्या दुसऱ्या गाडींत किंवा जवळच्या लहान घरांत दोघांनींच मुक्काम करावा. मे, जूनचा आरंभ किंवा सप्टेंबर हे महिने त्यासाठीं उत्तम. हवा सौम्य असते व तेथील शाळांच्या मोठ्या रजेची गर्दी पुष्कळ ठिकाणीं टळते.

प्रवास संपल्यावर गाडी झाडून-पुसून, टाक्या व पेटी रिकामी करून परत द्यावयाची असते. त्याचा उपयोग झाला कीं नाहीं, हें आपल्याला पुढच्या दिवाळींत कळेल. चिरंजीव घरीं येतील, चार माणसांत जेवतील, आणि उठतांना आपलें ताट आपण उचलतील. त्या वेळीं ‘अरे, राहूं दे, ती उचलील’, असें कोणीहि म्हणूं नये.