मूल होत नाही? आधी त्याची साखर तपासा

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की सगळ्यांचं बोट सुनेकडे जातं. तिची सोनोग्राफी होते, तिलाच गोळ्या सुरू होतात, टोमणेही तीच ऐकते. नवऱ्याच्या तपासणीचं नाव कुणी काढत नाही. पाली आणि बिंदुसरा धरणाच्या आसपासच्या वस्त्यांत आम्ही फिरतो तेव्हा हेच पाहतो. खरं तर मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडचंही कारण असतं. कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणासोबत.

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, हे २०१९ साली सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. बाईच्या पोटावर सुरी चालवायला एवढी घाई आणि पुरुषाची साधी वीर्यतपासणी करायला लाज, हा कुठला न्याय?

पुरुषाकडच्या कारणांमध्ये मधुमेह हे एक मोठं आणि लपलेलं कारण आहे. रक्तातली साखर बराच काळ वाढलेली राहिली, की लोखंडाला गंज चढावा तशी पेशींची झीज होते. अंडकोशात शुक्राणू तयार होतात, तिथेही ही झीज पोचते. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते, त्यांच्या आतला डीएनए तुटतो. नसा खराब झाल्या तर लिंगाला ताठरता येत नाही, किंवा वीर्य बाहेर न पडता उलटं मूत्राशयात जातं. हा आजार आहे, मर्दानगीचा प्रश्न नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. मग लाज कसली?

आता मेलाटोनिनबद्दल. अंधार पडला की आपल्या मेंदूतली एक छोटी ग्रंथी हे संप्रेरक सोडते आणि झोप येऊ लागते. मधुमेह झालेल्या उंदरांना मेलाटोनिन दिल्यावर अंडकोशातली झीज कमी झाली, शुक्राणू सुधारले, असं प्रयोगांत दिसलं आहे. ही आशेची गोष्ट आहे, पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मधुमेही पुरुषांना या गोळीने मूल होतं, असा पक्का पुरावा अजून नाही. ‘ताकदीची गोळी’ म्हणून कुणी ती गळ्यात मारली तर घेऊ नका. मधुमेहाची चालू गोळी तर मनाने मुळीच बंद करू नका.

शरीरात तयार होणारं मेलाटोनिन मात्र फुकट आहे. त्याला अंधार आणि पुरेशी झोप लागते. डोळ्यांपुढे मोबाइलचा उजेड असला की ते कमी होतं. झोप अपुरी पडली की साखरही वाढते.

पण ऊसतोड कामगाराला ‘वेळेवर झोप’ असं नुसतं सांगून काय उपयोग? मध्यरात्री गाडी आली की कोयत्यातल्या नवरा-बायको दोघांनाही उठून मोळ्या भराव्या लागतात. पहाटे पुन्हा फडात जायचं. सहा-सहा महिने असं चालतं. म्हणून आमची मागणी आहे : रात्रीच्या भरणीला वेळेची मर्यादा हवी, आणि हंगामाला निघण्याआधी प्रत्येक कामगाराची, बाईची आणि बाप्याचीही, साखर तपासली गेली पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावं. साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाने ती करावीच. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून उपचार सुरू करावेत. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावेत. नवा शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज साखर ताब्यात आणली, तंबाखू-गुटखा-दारू सोडली, तरी लगेच आठवड्यात फरक दिसणार नाही. धीर धरा.

आणि सासूबाई, पुढच्या वेळी सुनेला दवाखान्यात नेताना मुलालाही सोबत घ्या. आधी त्याचा नंबर लावा.

जय भीम.