मंत्र्यावर हसलो, आता स्वतःकडे पाहू

जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही, डार्विन चुकीचा आहे. दिंडोरीत आम्ही मित्र खूप हसलो. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती खरोखर गेली, तेव्हा त्याच मित्रांपैकी काही जण म्हणाले, 'बरं झालं!'

हा दुटप्पीपणा आहे. पाठ्यपुस्तकात त्यांचा धर्म नको असेल, तर आपलाही नको. तुर्कस्तानच्या सरकारने २०१७मध्ये शालेय अभ्यासक्रमातून उत्क्रांती वगळली. ते राजकारण आपल्याला गोड का लागावे?

आमच्याकडे द्राक्षबागेत तेच ते बुरशीनाशक मारत राहिले, की त्याला दाद न देणारी डावणी टिकते आणि वाढते. ही निवड डोळ्यांदेखत होते. म्हणून फवारणाऱ्याचे ईमान जात नाही. इब्न खलदूनने १३७७मध्ये 'मुकद्दिमा'त खनिजे, वनस्पती, प्राणी, माकड आणि माणूस एकाच चढत्या साखळीत मांडले. तो डार्विन नव्हता; पण पुढे कैरोत काझी झाला.

माणूस कशासाठी, हे मी कुराणात शोधतो. शरीर कसे घडले, हे जीवशास्त्रात. मत मागायला येणाऱ्याला, मग तो आपला असो वा त्यांचा, मी एवढेच विचारणार: शाळेत प्रयोगशाळा कधी?